लहान इंजिन, मोठा भार

ऑस्ट्रेलियातल्या शेतांवर आणि खाणींवर टोयोटाची 'लँडक्रूझर ७०' ही गाडी म्हणजे भरवशाचे दुसरे नाव. तिच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षे ४.५ लिटरचे, आठ सिलिंडरांचे डिझेल इंजिन होते. २०२३ मध्ये याच गाडीसाठी २.८ लिटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन जाहीर झाले आणि पुढे आठ सिलिंडरांच्या इंजिनाने निरोप घेतला. जुन्या ग्राहकांनी नाके मुरडली. 'एवढेसे इंजिन हे ओझे कसे ओढणार?' हा त्यांचा प्रश्न.

पण कागदावरचे आकडे उलटेच सांगतात. मोठ्या इंजिनाची शक्ती १५१ किलोवॅट, लहान इंजिनाची १५०, म्हणजे बरोबरीच. चाक फिरवणारा जोर, ज्याला आपण टॉर्क म्हणतो, तो मोठ्या इंजिनात ४३० न्यूटन-मीटर आणि लहान इंजिनात ५००. इंधनही लहान इंजिनाला कमी लागते. मग शंका कसली? शंका अशी, की हे काम ते किती वेळ आणि किती वर्षे करू शकेल? या प्रश्नाचे उत्तर लाखो रुपयांच्या खरेदीशी जोडलेले आहे. शिवाय गाडीच्या धुरामुळे ते आपल्या फुप्फुसांशीही जोडलेले आहे.

रविवारी चर्च, सोमवारी बाजार

ऑस्ट्रेलियात अशा गाडीला 'यूट' म्हणतात. 'युटिलिटी' या शब्दाचे हे लघुरूप. १९३० च्या दशकात व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले, अशी कथा सांगितली जाते. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील, अशी एकच गाडी तिला हवी होती. फोर्डचे तरुण अभियंते ल्यू बँट यांनी आखलेली गाडी १९३४ मध्ये जिलाँगच्या कारखान्यातून बाहेर पडली. पुढे चार दारे, पाच जणांची जागा आणि मागे सामानाचा हौदा अशी 'ड्युअल कॅब' आली आणि यूट घरचीही गाडी झाली.

आज ऑस्ट्रेलियाच्या वाहन बाजारात यूटचेच राज्य आहे. २०१६ ते २०२२ अशी सलग सात वर्षे टोयोटाची हायलक्स ही तिथली सर्वाधिक खपाची गाडी होती. २०२३ आणि २०२४ मध्ये तो मान फोर्डच्या रेंजरकडे गेला. प्लंबर, सुतार, वीजतंत्री, शेतकरी यांची ती कामाची गाडी. सुट्टीत हीच गाडी मागे तीन टनांची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, जोडून हजारो किलोमीटर भटकते. साडेतीन टनांपर्यंत ओढण्याची क्षमता ही या गाड्यांच्या जाहिरातीतली ठरलेली ओळ. एवढी कामे एका गाडीवर सोपवली, की इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते.

हवा कोंबण्याची कला

डिझेल इंजिनात सिलिंडरमधली हवा दाबून तापवली जाते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला, की ते पेट घेते. जितकी हवा जास्त, तितके डिझेल नीट जळते आणि तितका पिस्टनवरचा रेटा वाढतो. जास्त हवा मिळवण्याचे मार्ग दोन. एक, सिलिंडर मोठे करायचे. दोन, आहेत त्याच सिलिंडरमध्ये हवा दाबून भरायची. हे दुसरे काम टर्बो करतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. लहान टर्बोचे चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते.

यात एक अडचण दडलेली आहे. धूर पुरेसा नसेल तर टर्बो फिरत नाही. इंजिन मंद फिरत असताना, म्हणजे नेमके ओझे जागचे हलवताना, लहान इंजिनाला टर्बोची मदत कमी मिळते. आठ सिलिंडरांचे ते जुने इंजिन मिनिटाला अवघ्या १२०० फेऱ्यांवर आपला पूर्ण टॉर्क देत असे आणि ३२०० फेऱ्यांपर्यंत तो टिकवत असे. २.८ लिटरच्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १६०० फेऱ्यांवर मिळतो आणि २८०० ला ओसरू लागतो. फोर्ड रेंजरचे दोन टर्बो लावलेले दोन लिटरचे इंजिन ५०० न्यूटन-मीटर देते, पण १७५० ते २००० फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात.

म्हणूनच लहान इंजिनाला जास्त गिअरची सोबत लागते. रेंजरच्या त्या इंजिनाला दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, तो हौसेखातर नव्हे. गिअर जितके जास्त, तितके इंजिनाला त्याच्या लाडक्या पट्ट्यात ठेवणे सोपे. मोठ्या इंजिनाने जे धातूच्या आकारातून मिळवले, ते लहान इंजिन टर्बो, संगणक आणि गिअरबॉक्स यांच्या संगनमतातून मिळवते. तिघांपैकी एक रुसला, तर मात्र खेळ बिघडतो.

लिटरमागे किती जोर?

इंजिनावर किती ताण आहे, हे ताडण्याची एक सोपी युक्ती आहे. टॉर्कच्या आकड्याला लिटरने भागायचे. उत्तर जितके मोठे, तितका पिस्टन, बेअरिंग आणि सिलिंडर हेड यांच्यावरचा दाब जास्त.

लँडक्रूझरच्या जुन्या ४.५ लिटर इंजिनाचा हा आकडा साधारण ९६ येतो. इसुझू डी-मॅक्सचे तीन लिटरचे इंजिन ४५० न्यूटन-मीटर देते, आकडा १५०. टोयोटाच्या २.८ लिटर इंजिनाचा सुमारे १८०. रेंजरच्या दोन लिटर इंजिनाचा थेट २५०. आपल्याकडे कांदा-टोमॅटोच्या क्रेट भरून बाजार समितीत जाणारी बोलेरो पिकअप आठवा. तिचे २.५ लिटरचे जुन्या घडणीचे इंजिन जेमतेम २०० न्यूटन-मीटर देते, म्हणजे लिटरमागे ८०. ती धापा टाकते, पण सहसा दमून बसत नाही. कारण तिच्याकडून फारसे मागितलेलेच नसते.

आठ सिलिंडरांच्या इंजिनाच्या दीर्घायुष्याचे रहस्यही यातच आहे. तेच इंजिन दोन टर्बो लावून 'लँडक्रूझर २००' या आलिशान गाडीत ६५० न्यूटन-मीटर देत होते. यूटमध्ये मात्र ते ४३० वर बांधून ठेवले होते. थोडक्यात, दहा पोती उचलू शकणाऱ्या गड्याला सहा-सात पोत्यांचेच काम दिले होते. तो म्हातारपणापर्यंत ठणठणीत राहिला, यात नवल नाही.

मग लिटरमागचा मोठा आकडा म्हणजे अल्पायुष्य, असे समजायचे का? नाही. महामार्गावर चाळीस टन ओढणाऱ्या ट्रकचे १३ लिटरचे इंजिन साधारण २५०० न्यूटन-मीटर देते. लिटरमागे सुमारे १९०. तरीही नीट देखभाल झाली तर असे इंजिन दहा लाख किलोमीटर धावते. कारण त्याची घडणच तशी असते. जाड ओतकाम, पोलादी पिस्टन, भलामोठा रेडिएटर, बादलीभर ऑइल आणि मिनिटाला दीड-दोन हजारांपलीकडे न जाणारे फेरे. आकार लहान की मोठा, यापेक्षा ते इंजिन किती वेळ पूर्ण ताकदीने चालेल, असे धरून बनवले आहे, हे महत्त्वाचे.

चढावरचा हिशेब

रोजच्या वापरात इंजिनाकडून किती ताकद मागितली जाते? एक ढोबळ हिशेब मांडू. रिकामी यूट सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर हवा आणि टायरचे घर्षण यांवर मात करायला १२ ते १५ किलोवॅट पुरतात. दीडशे किलोवॅटच्या इंजिनाचा दहावा हिस्सा. अशा वेळी लहान इंजिन उजवे ठरते, कारण त्याचे स्वतःचे घर्षण कमी असते आणि डिझेल वाचते.

आता २.७ टनांच्या यूटमागे तीन टनांची कॅरॅव्हॅन जोडा. तिच्या भिंतीसारख्या पुढच्या बाजूमुळे त्याच वेगाला, त्याच सपाटीवर सुमारे ४० किलोवॅट लागतात. म्हणजे गरज तिप्पट. आणि पुढे चढ आला तर?

क्वीन्सलंड राज्यात टूवूम्बा शहराकडे चढणारा रस्ता प्रसिद्ध आहे. जुन्या घाटाचा चढ दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर वर. २०१९ मध्ये नवा बाह्यमार्ग खुला झाला. त्याचा चढ साडेसहा टक्क्यांपर्यंत कमी केला आहे. या नव्या मार्गावर ५.७ टनांचे हे बिऱ्हाड ताशी ८० ने चढवायचे, तर सपाटीच्या ४० किलोवॅटमध्ये आणखी ८० ची भर पडते. चाकांशी एकूण १२०. गिअरबॉक्समधली गळती धरली तर इंजिनाला त्याहून जास्त द्यावे लागतात. जुन्या दहा टक्क्यांच्या घाटात हा आकडा दीडशेच्या पलीकडे जातो. तिथे तो वेग टिकणारच नाही.

एवढी शक्ती देताना डिझेलमधल्या ऊर्जेचा जेमतेम ४० टक्के भाग कामी येतो. बाकीची उष्णता सुमारे दोनशे किलोवॅट. घरातला गीझर दोन किलोवॅटचा धरला तर शंभर गीझर एकाच वेळी सुरू. ही सगळी उष्णता धुरातून आणि रेडिएटरमधून बाहेर जायला हवी. इंजिन लहान असो वा मोठे, तेवढ्याच कामाची उष्णता जवळपास तेवढीच असते. फरक इतकाच, की लहान इंजिनात ती कमी धातूत, कमी पाण्यात आणि कमी ऑइलमध्ये साठते. चढ पाच मिनिटांचा असेल तर दोघेही निभावतात. चाळीस अंशांच्या उन्हात, समोरून वारा असताना, तासन्‌तास ओढायचे असेल तर लहान इंजिनाकडे चुकीला वाव कमी उरतो. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले गवत, जुने झालेले ऑइल, पुढे लावलेले जाडजूड बंपर आणि दिवे, अशा किरकोळ गोष्टीही तिथे महागात पडतात.

कंपन्यांनाही हे ठाऊक असते. इसुझूने ऑस्ट्रेलियात १.९ लिटरचे इंजिन आणले, तेव्हा ओढण्याची मर्यादा साडेतीन टनांऐवजी तीन टन ठेवली. फोक्सवॅगनची अमारॉक २०११ मध्ये दोन लिटरचे इंजिन घेऊन आली. काही वर्षांनी तिच्यात तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन बसवले. फोर्डनेही २०२२ मध्ये रेंजरला तीन लिटरचा, ६०० न्यूटन-मीटरचा पर्याय दिला. भरपूर ओझे ओढणारा ग्राहक आकार मागतो, हे बाजाराने मान्य केले.

काजळीची गाळणी

मग कंपन्या इंजिने लहान का करत आहेत? मुख्य कारण धूर आणि इंधन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकले. माणसाला कर्करोग होतो, हे पुराव्यानिशी सिद्ध झालेल्या गोष्टींचा हा गट. त्यामागे अमेरिकेतल्या आठ खाणींमधल्या १२ हजारांहून अधिक कामगारांच्या अभ्यासाचाही आधार होता. ज्यांनी डिझेलचा धूर जास्त श्वासात घेतला, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त आढळले. यूट वापरणारा कारागीरही सुरू गाडीच्या मागे उभा राहूनच हौद्यातली अवजारे काढतो. धुराच्या सर्वांत जवळ तोच असतो.

या वजनाच्या मालवाहू गाड्यांना युरो-४ नियमांत किलोमीटरमागे ६० मिलिग्रॅम काजळीची मुभा होती. युरो-५ मध्ये ती ५ वर आली. हे साधले ते 'डीपीएफ' या काजळीच्या गाळणीमुळे. धुरातली काजळी तिच्यात अडकते आणि ठरावीक अंतराने सुमारे सहाशे अंशांना जाळून टाकली जाते. शिवाय जानेवारी २०२५ पासून ऑस्ट्रेलियात नव्या गाड्यांना कार्बन डायऑक्साइडची मर्यादा लागू झाली आहे. हलक्या मालवाहू गाड्यांसाठी २०२५ मध्ये किलोमीटरमागे २१० ग्रॅम असलेले लक्ष्य २०२९ मध्ये ११० वर येणार आहे. लहान इंजिनांकडे ओढ वाढते ती अशी.

गंमत अशी, की कामाच्या गाडीला अनेकदा इंजिनाआधी ही गाळणीच दगा देते. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या आणि मधल्या वेळात नुसतेच चालू ठेवलेले इंजिन, या वापरात धूर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही. ती जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल न जळता ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. ओझे ओढणाऱ्या गाडीपेक्षा आरामात राहणाऱ्या गाडीला हा त्रास जास्त.

पण नियमाला अपवादही आहेत. २०१५ ते २०२० दरम्यान विकलेल्या २.८ आणि २.४ लिटरच्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर अशा अडीच लाखांहून अधिक गाड्यांबाबत ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये टोयोटाविरुद्ध निकाल दिला. तिथे अडचण उलटी होती. ताशी शंभरच्या आसपास सलग, नियमित चालवल्यावर गाळणीची यंत्रणा नीट साफ होत नव्हती. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या लांबलचक रस्त्यांवर जी सर्वांत नेहमीची चाल, तीच तिला मानवत नव्हती. भरपाई किती द्यायची, हा वाद पुढे २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यातला धडा असा, की गाडीचा रोजचा दिनक्रम आणि कारखान्यात गृहीत धरलेला दिनक्रम जुळले नाहीत, की गाडी आजारी पडते.

अशा वेळी काही जण गाळणीच काढून टाकतात. हे ऑस्ट्रेलियात बेकायदा आहे. आपल्याकडेही प्रदूषणाचे नियम त्याला परवानगी देत नाहीत. गाडी हलकी वाटते, पण अडवलेली सगळी काजळी पुन्हा रस्त्यावरच्या माणसांच्या श्वासात जाते.

मग कोणासाठी कोणते?

लहान टर्बो डिझेल कष्टाच्या यूटला चालते का? बहुतेकांना चालते. हौद्यात चार-पाचशे किलो अवजारे, शहर ते वस्ती असा प्रवास, महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी दीड-दोन टनांचा ट्रेलर, एवढेच काम असेल तर दोन ते अडीच लिटरचे इंजिन पुरेसे आहे आणि डिझेल वाचवते. वर्षातले अनेक आठवडे अडीच-तीन टन ओढायचे असतील, तेही उन्हाळ्यात आणि चढावर, तर तीन लिटरच्या आसपासचे किंवा सहा सिलिंडरांचे इंजिन घेणे शहाणपणाचे. तिथे लहान इंजिनाची इंधनबचतही उरत नाही. ओझे तेच असेल तर डिझेलही जवळपास तेवढेच लागते.

इंजिन कोणतेही असो, काही गोष्टी पाळाव्यात. गाडी, सामान आणि ट्रेलर यांच्या एकूण वजनाची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती बघावी; साडेतीन टन ओढताना हौद्यात फार काही ठेवता येत नाही. माहितीपुस्तिकेत 'कठीण वापरा'साठी ऑइल बदलण्याचे अंतर कमी दिलेले असते. ओझे ओढणाऱ्यांसाठी तेच खरे. चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद न करता दोन-तीन मिनिटे शांत चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या टर्बोतले ऑइल करपत नाही. फक्त छोट्या फेऱ्या होत असतील, तर आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्यावी आणि गाळणीचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नये.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यापासून आपल्या डिझेल गाड्यांमध्येही तीच गाळणी आहे. इसुझूची व्ही-क्रॉस ही ड्युअल कॅब भारतात १.९ लिटरच्या इंजिनावर मिळते, तर हायलक्स २.८ लिटरच्या. शोरूममध्ये टॉर्कचा आकडा अभिमानाने सांगितला जातो. तो ऐकावा, पण खरेदीआधी आपल्या गाडीचा एक आठवडा कागदावर लिहून काढावा. किती वजन, किती चढ, किती फेऱ्या, किती वेळ नुसतेच चालू इंजिन. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न त्या कागदावर सापडेल.